काउंटरसाहेब, शून्यावर या!

प्रति,
मा. काउंटरसाहेब,
मुक्काम : आतला लूप

विषय : वेळेवर शून्यावर हजर न राहिल्याबद्दल

महोदय,
स. न. वि. वि.

आपली तब्येत ठणठणीत असणार. रन हिस्टरीत वरपासून खालपर्यंत हिरव्या खुणाच दिसतात. घोटाळा फक्त पावत्यांत आहे.

समजा, तीन इमारतींची एक सोसायटी आहे आणि देखभाल खर्चाच्या पावत्या पॉवर ऑटोमेटमध्ये फ्लो बांधून काढायच्या आहेत. बाहेरचा लूप इमारतींचा, आतला सदनिकांचा. प्रत्येक इमारतीचा पावती क्रमांक १ पासून सुरू व्हावा, एवढीच अपेक्षा. 'अ' इमारतीत २४ सदनिका, तिथपर्यंत आपण सरळ चालता. 'ब' इमारतीच्या पहिल्याच पावतीवर मात्र २५ हा आकडा ठोकून देता. विचारायला जावे, तर आपण नियमावर बोट ठेवणार : मला शून्यावर यायला सांगितले कोणी?

सांगायचे तरी कुठे? 'इनिशियलाइझ व्हेरिएबल' ही ॲक्शन बाहेरच्या लूपमध्ये ठेवायला जावे, तर फ्लो ती मान्य करत नाही. आपली नेमणूक फ्लोच्या सर्वांत वरच्या पातळीवरच व्हायची. लूपच्या पोटात नाही, अटीच्या फांदीत नाही, स्कोपमध्येही नाही. एका नावाची नेमणूक एकदाच, आणि अधिकारक्षेत्र मात्र अख्खा फ्लो! तेव्हा नेमणूक वरच ठेवायची आणि बाहेरच्या लूपमध्ये, आतला लूप सुरू होण्याच्या आधी, 'सेट व्हेरिएबल'ने आपल्याला शून्यावर आणायचे, हाच राजमार्ग. तीच ॲक्शन एक चौकट खाली, आतल्या लूपमध्ये पडली, की सगळ्या सदनिकांना पावती क्रमांक १ मिळतो. इतकी समता सहकार कायद्यालाही झेपायची नाही.

'डू अंटिल'मधली आपली कारकीर्द तर याहून थोर. तिथे यादीतली सदनिका आपल्याच आकड्याने उचलायची असते, आणि यादीची मोजणी शून्यापासून सुरू होते. 'इन्क्रीमेंट' आधी आणि पावती नंतर असा क्रम लागला, की पहिली सदनिका सुटते. तिथे अध्यक्ष राहत असतील, तर तक्रार येण्याची शक्यता कमीच. 'क' इमारतीत ७२ सदनिका असतील, तर आणखी एक गंमत : या लूपची मर्यादा मुळात ६० फेऱ्यांची असते. ती वाढवली नाही, तर उरलेले बारा सभासद फुकटात राहतात असे कागदोपत्री सिद्ध होते.

एवढ्यात समितीतल्या कुणाला तरी फ्लो संथ वाटू लागतो. तो 'अप्लाय टू ईच'च्या सेटिंग्जमध्ये जाऊन कॉन्करन्सी चालू करतो. आता एकाच वेळी ५० पर्यंत फेऱ्या धावू शकतात आणि सगळ्यांना मिळून काउंटर एकच : आपण. एका फेरीने आपल्याला १६ वर आणले आणि ती पावतीवर आकडा लिहिणार, तोच दुसरीने १७ केले. मग दोन पावत्यांवर १७, आणि १६ बेपत्ता. चाचणीला दोनच सदनिका घेतलेल्या असतात, तेव्हा हा प्रकार दिसेलच असे नाही. ऐन महिन्याच्या १ तारखेला मात्र हमखास दिसतो.

आपली चौकशी करायची पद्धतही लिहून ठेवतो. झालेला रन उघडावा, लूपच्या फेऱ्या एकेक करून पुढे न्याव्यात आणि दर फेरीत 'इन्क्रीमेंट'मधून कोणता आकडा बाहेर पडला ते पाहावे. दुसऱ्या इमारतीची पहिली फेरी बघितली, तरी निम्मा निकाल लागतो. पण हिरवी खूण पाहून माणूस पुढे निघून जातो. ती खूण ॲक्शन पार पडली एवढेच सांगते; आकडा बरोबर आहे की नाही, हे तिला कोणी विचारलेलेच नसते. चौकटी ओढून जोडल्या म्हणजे कोड लिहायचा त्रास वाचतो, हे खरे. मोजणी कुठून सुरू करायची, पुन्हा शून्यावर केव्हा यायचे आणि एक आकडा किती जणांनी वापरायचा, हे मात्र डोके चालवूनच ठरवावे लागते.

तरी आपण आपल्या वर्तनात सुधारणा करावी. अन्यथा नाइलाजाने आपले पद रद्द करण्यात येईल. रेंज फंक्शनला शून्य ही सुरुवात आणि यादीची लांबी दिली, की क्रमांकांची आयती यादी तयार होते. लूप तिच्यावरच फिरवला, म्हणजे प्रत्येक फेरी स्वतःचा आकडा घेऊन येते आणि पावतीसाठी त्यात फक्त १ मिळवायचा. मग पन्नास फेऱ्या एकदम धावोत, कोणी कोणाचा क्रमांक पळवत नाही. या व्यवस्थेत शून्यावर आणायला कोणी साहेबच उरत नाहीत, याची कृपया नोंद घ्यावी.

कळावे,
आपला (पावती क्रमांक १७ मिळालेल्या दोघांपैकी एक)

प्रत माहितीस्तव : 'यात कोडिंग काहीच लागत नाही हो' असे सांगून फ्लो दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे सर्व मान्यवर.