मंडईतून मंडईकडे

आमचे नाना शुक्रवार पेठेत राहतात. चपला सरकवून निघाले की चौथ्या मिनिटाला महात्मा फुले मंडईत पोचतात. आणि दर फेब्रुवारीत एक दिवस सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून मुंबईला जातात. कशाला? तर महात्मा फुले मंडई बघायला.

"नाव एक म्हणून मंडई एक होते का?" नाना म्हणतात. "आपली 1886ची, रे मार्केट. त्यांची 1869ची, क्रॉफर्ड मार्केट. साहेब गेले, दोन्हीकडे जोतीराव आले. आणि गंमत ऐक, आपल्या मंडईच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीरावांचाच विरोध होता!" ही गंमत शिवाजीनगरला सुरू होते आणि लोणाव‌ळ्याला संपते, मध्ये पासवाले "काका, जरा सरकता का" करत असतात.

असा एक नाना प्रत्येक सोसायटीत असतो. सहल त्यांनी काढायची, आपण पिशव्या धरायच्या. या वेळी चार कापडी पिशव्या, एक सुरी, तिखट-मिठाची पुडी आणि काकूंनी दिलेली थालीपिठं एवढा सरंजाम होता.

"नाना, आपण खायलाच चाललोय ना?"

"खायला जायचं म्हणून उपाशी जायचं का?"

व्हीटीपासून मार्केट पायी दहा मिनिटं. आम्हाला चाळीस लागली, कारण वाटेत जेजे आलं. "इथं लॉकवूड किपलिंग शिकवायचा. जंगल बुकवाल्याचा बाप. बापानं दगडात कोरलं, पोरानं कागदावर. कागद जास्त खपला." मार्केटच्या दारात तर नानांनी आम्हाला वाट अडवूनच उभं केलं आणि कमानीवरची त्याच किपलिंगची शिल्पं दाखवायला लागले. मागून डोक्यावर भरलेली पाटी घेऊन एक पाटीवाला "बाजू, बाजू!" ओरडत आला.

"होतो बाजूला, पण तू आधी वर बघ. शेतकरी कोरलेत."

पाटीवाल्याने पाटी सावरत मान जेमतेम तिरकी केली. "अरे हो की. मला कबुतरंच दिसायची." आणि गेला. नाना त्या एका श्रोत्यावर दिवसभर खूश होते.

आत त्यांनी 1882 साली इथे लागलेल्या विजेच्या दिव्यांची माहिती एका द्राक्षवाल्याला दिली आणि बोलता बोलता सहा द्राक्षं खाल्ली. चिकूची फोड, पेरूची फोड, दोन खजूर. "चव बघायला पैसे पडत नाहीत," हे त्यांचं खाद्यभ्रमंतीचं तत्त्वज्ञान. भाव मात्र प्रत्येकाला विचारायचा आणि ऐकून असा चेहरा करायचा की दुकानदाराला आपण गुन्हा केल्यासारखं वाटावं. "आमच्याकडे निम्म्यात मिळतं." शेवटी एक जण वैतागला, "मग काका, इथं कशाला आलात?" नाना म्हणाले, "तेच सांगायला."

दुपारी समोरच्या बादशाहमध्ये फालुदा. एक ग्लास, तीन चमचे. नानांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि आम्हाला वाटलं आता तरी दाद मिळणार. "मस्तानीत शेवया आणि सब्जा," ते म्हणाले. मग न बोलता निम्मा ग्लास संपवला, म्हणजे आवडला असावा.

खरेदी एकच झाली: अंजिरं. एकेक उचलून, देठ बघून, बोटाने अगदी हलकं दाबून, पाऊण तास घासाघीस करून. खोकं परतीच्या डेक्कन क्वीनमध्ये मांडीवर, पंचा पांघरून. कर्जतला वडापाव आला तेव्हाही नाना उठले नाहीत, मलाच पाठवलं.

रात्री काकूंनी खोकं उघडलं. झाकणावरचा छाप चष्मा लावून वाचला.

"अहो, ही पुरंदरची आहेत."

"मग? चांगला माल सगळा मुंबईला जातो." नानांनी चपला कोपऱ्यात सारल्या. "तो परत आणायला कुणी जायला नको?"