लॉन, खारा वारा आणि ‘इतर खर्च’

मांडव्याला रो-रो बोट लागू लागली आणि अलिबाग मुंबईच्या अंगणात आलं. तेव्हापासून अंगणाला ‘आउटडोअर लिव्हिंग’ म्हणतात. नाव बदललं की दरही बदलतो.

समुद्राकाठच्या बंगल्याचं अंदाजपत्रक वाचनीय असतं. पहिल्या पानावर लॉन, लाकडी डेक, लोखंडी झोपाळा, बार्बेक्यू. पाणी शेवटच्या पानावर, ‘इतर’ या सदरात. एप्रिलमध्ये विहीर मचूळ होते, टँकर सुरू होतो आणि ‘इतर’ पहिल्या पानावर येतं. जूनमध्ये त्याच लॉनचं भातखाचर होतं. झोपाळ्याच्या कड्या खारा वारा कुरतडतो. पाहुण्यांना बसवण्याआधी मालक स्वतः बसून बघतो.

शेजारच्या आजीबाईंचं अंगण मात्र सारवलेलं. दिवाळीच्या सुमारास झावळ्यांचा मांडव उभा राहतो, पावसाआधी उतरतो. बांधाला उंडी आणि केवडा. दोघांनाही खाऱ्या वाऱ्याची सवय. आर्किटेक्ट या अंगणाला ‘रस्टिक’ म्हणतो आणि तसंच करून द्यायचे वेगळे पैसे सांगतो.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या जुन्या नारळी-पोफळीच्या वाड्याही आडव्या झाल्या. कुंडीतल्या पामने काय टिकाव धरावा?

डेक समुद्राकडे सरकवण्याआधी एक काम करावं. २०१९ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. झोपाळ्याची ऑर्डर देण्यापूर्वी तेवढं अंतर मोजून घ्यावं.