जुने सिनेमे, ताज्या बातम्या

धाराशिव जिल्ह्यात वीज आणि रेंज एकाच वेळी आली, तर हे तीन सिनेमे आधी उतरवून घ्या.

सामना : जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. साखरसम्राट हिंदुराव (निळू फुले) आणि गायब माणसाचा माग काढणारा दारुडा मास्तर (श्रीराम लागू). बर्लिनकरांना गोष्ट नवी वाटली असेल. ढोकीच्या तेरणा कारखान्याचं थंड धुराडं वर्षानुवर्षं पाहिलेल्या सभासदाला नवल एवढंच, की पडद्यावरचा कारखाना चालू आहे!

सिंहासन (१९७९) : अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा. मुख्यमंत्र्यांची खुर्ची हलवता हलवता अख्खा सिनेमा संपतो. पहाटेचे शपथविधी पाहिलेल्या पिढीला फार संथ वाटेल. पत्रकार दिगू टिपणीसला शेवटी वेड लागतं. एवढी हळवी माणसं आता या धंद्यात घेत नाहीत.

वळू (२००८) : उमेश कुलकर्णींचा. मोकाट वळू धरायला वनाधिकारी येतो आणि गावाला राजकारणाची पर्वणी मिळते. आपल्या येडशीच्या अभयारण्यात टिपेश्वरचा वाघ चालत आला. पथकं महिनोन्महिने फिरली, वाघ काही हाती लागेना. सिनेमातला वळू मात्र सापडतो. कल्पित कथेला तेवढी सूट असते.

आणि हो, चोरीच्या साइटवरून उतरवू नका. फुकटात ढापलेला 'सामना' बघत भ्रष्टाचारावर चिडणं, हा चौथा सिनेमा. तो घरोघरी चालू आहे.