अब्यानेची दाढ

माझ्या उजव्या दाढेवरची टोपी ही आमच्या घरातली, बायकोच्या पाटल्यांखालोखाल, सर्वांत महाग वस्तू. प्रवासात लोक पासपोर्ट चाचपतात, मी जिभेने दाढ चाचपतो.

इराणात काशानहून मोटारीने करकस डोंगराच्या कुशीतलं अब्याने गाठलं. उंची 2,200 मीटरच्या वर. मातीत लोह, म्हणून घरं, भिंती, गल्ल्या सगळं तांबडं. घरं उतारावर अशी रचलेली की खालच्याचं छप्पर तेच वरच्याचं अंगण. जुन्या दारांवर ठोठावायला दोन वस्तू: पुरुषांसाठी जड दांडा, बायकांसाठी कडी. आवाजावरून आतल्यांना कळतं, दार कोणी उघडायचं. मशिदीत हिजरी 477 सालचा लाकडी मेहराब आहे. तो बघायला बायको गेली. मी लवाशक बघत होतो.

लवाशक म्हणजे फळांचा आटवलेला गर पसरून वाळवलेली पोळी, आपल्या आंबापोळीची तोंड वाकडं करायला लावणारी चुलत बहीण. पांढऱ्यावर लाल गुलाब असे रुमाल बांधून आजीबाई गल्लीच्या कडेला विकायला बसल्या होत्या. एकीने आलुबुखाराच्या लवाशकचा तुकडा चवीला दिला. मी चावला, ओढला. लवाशक बाहेर आलं, पाठोपाठ टोपीही. ती दगडावर टणकन आपटली आणि उतारावरून चालू लागली.

माझ्या फारसीत ‘सलाम’ आणि ‘मेर्सी’ एवढेच शब्द. हरवलेल्या दाढेला दोन्ही निरुपयोगी. मी जबडा उघडून खिंडार दाखवलं. आजींनी हाक मारली, शेजारणी जमल्या आणि सगळ्या ओणव्या झाल्या. ढगळ काळ्या विजारीतले एक आजोबा मदतीला आले, पण त्या विजारीच्या घेराखाली टोपीच काय, दवाखाना दडला असता! त्यांना हळूच बाजूला घ्यावं लागलं.

एवढ्यात पर्यटकांचा घोळका आला आणि त्या वाकलेल्या बायकांचे फोटो काढू लागला. कोणाला विचारणं नाही, सवरणं नाही. मी भडकलो, पण तोंडातून नुसती हवा गेली.

बायको मशिदीतून परतली. ‘‘सगळे काय शोधतायत? काही पुरातन?’’

‘‘होय. माझंच.’’

टोपी शेवटी आजींनाच भिंतीच्या फटीत सापडली. त्यांनी ती रुमालाच्या टोकाने पुसली आणि स्वतःच बसवायला पुढे सरसावल्या. मी मागे सरलो, तशा त्या खदखदून हसल्या. तेव्हा दिसलं, त्यांच्या तोंडात जेमतेम दोन दात होते. घोळक्यातल्या एका मुलाने, बहुधा ओशाळून, दुभाष्याचं काम केलं. आजींची मुलं तेहरानला. मोहर्रमला येतात, तेव्हा घर भरतं. बाकी दिवस आजी लवाशक करतात, विकतात आणि स्वतः नुसतं चघळतात. त्यांनी माझ्या हातावर एक लवंग ठेवली, दुखलं तर म्हणून. दुखत नव्हतं, तरी मी ती दाढेत धरली. पैसे पुढे केले तर मान हलवून नाही म्हणाल्या. तो मुलगा म्हणाला, ही इथली रीत, आग्रह करा. मग मी पुन्हा पुन्हा आग्रह केला, तेव्हा कुठे घेतले.

अब्यानेला जाल तर लवाशक घ्या, पण चावू नका. फोटोआधी परवानगी मागा. मेहराब उत्तम आहे, असं बायको म्हणते.