बूचभाऊ

बोटीच्या पाठीला टांगलेली मोटर सुरू झाली की तिच्या अंगातल्या एका बारीक भोकातून पाण्याची धार बाहेर पडू लागते. बोटीतले बाकीचे लोक अशा वेळी तलाव बघतात, बगळे बघतात, एकमेकांचे फोटो काढतात. बूचभाऊ धार बघतात. मान तिरकी, एक डोळा मिटलेला, खर्रा गालाच्या एका कोपऱ्यात सारलेला. तान्ह्या पोरानं शू केली की आईचा जीव जसा भांड्यात पडतो तसा त्यांचा पडतो, आणि मगच ते फळीवर टेकतात. त्यांच्या हाताखालचे पोट्टे त्या धारेला जे म्हणतात ते इथे छापता यायचं नाही, पण उपमा तीच आहे.

खरं नाव आधारकार्डावर असेल. नागपूरच्या पांढराबोडीतल्या त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानाला पाटी नाही. 'बूचभाऊ कुठे बसतात' असंच विचारावं लागतं. बूच लावणं म्हणजे फसवणं, त्यामुळे नवा माणूस जरा बिचकतो. पण यांचं बूच अगदी खरंखुरं, शर्टाच्या खिशातलं. औषधाच्या बाटल्यांची तीन मापांची बुचं, कापसाचा बोळा, एम-सीलची अर्धी कांडी, दाभण, गळाच्या नायलॉन दोऱ्याचा तुकडा आणि खर्ऱ्याच्या रिकाम्या पन्न्या. भोक दिसलं की त्यांच्या मनात दोनच प्रश्न येतात. हे बुजलंय का? आणि नसेल, तर कधी बुजणार?

घरी आले की आधी न वापरलेले प्लग-पॉइंट बघतात, मग कुलपांची किल्लीची भोकं, मग माणसं. आमच्या पुतण्याची बासरी एकदा टेबलावर दिसली, तर सगळ्या भोकांना नीट कापूस लावून परत दिली. ''आता काही घुसत नाही त्याच्यात.'' सूरही घुसला नाही. एका लग्नात ते नवरीच्या नाकाकडे इतका वेळ बघत होते की नथीचं कौतुक चाललंय असं वरपक्षाला वाटलं.

हे सगळं कुंभारणीमुळे, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या गांधीलमाशीमुळे. वैर जुनं आहे आणि नागपुरात जशी सगळीच वैरं सुरू होतात तसं तेही उन्हाळ्यात सुरू झालं. मार्चात कूलर बाहेर निघतो. ताट्या बदलायच्या, टाकी घासायची, पंप टाकून बटण दाबायचं. दोन बाजू भिजतात, तिसरी कोरडी ठणठणीत. वरची नळी काढून झटकली की वाळक्या चिखलाचं ढेकूळ टपकन पायावर पडतं. वीसेक वर्षं बूचभाऊंनी अशी ढेकळं काढली आणि कुंभारणीला धंद्यातली भागीदार समजून सोडून दिलं. तिनं नळी बुजवायची, त्यांनी मोकळी करायची. पण मग एका नावाड्यानं त्यांच्या दुकानात बोटीची मोटर आणून टाकली, आणि भागीदारीचं रूपांतर युद्धात झालं.

ती दुरुस्ती मी समोर बसून पाहिली आहे. ही मोटर खालच्या जाळीतून तलावाचंच पाणी ओढते, आतला रबरी पंखा ते वर चढवतो, इंजिनाभोवती फिरवतो, आणि त्यातलं थोडं पाणी वाटाण्याएवढ्या भोकातून बाहेर फेकतो. धार आली म्हणजे पंखा चालू आहे, इंजिन गार आहे. धार नाही आली तर दोन शक्यता. एक तर पाणी खरंच चढत नाही, जाळीत जलपर्णी किंवा पन्नी अडकली आहे, आणि इंजिन लवकरच भाजून निघणार. किंवा पाणी आत व्यवस्थित फिरतंय, फक्त धारेच्या भोकात कोणीतरी संसार थाटलाय.

बूचभाऊंनी झाकण काढलं, धारेची नळी सोडवली आणि नायलॉनचा दोरा आतल्या बाजूनं बाहेर सरकवायला सुरुवात केली. पोट्ट्याला दाभणाचा मोह झाला होता. ''बाहेरून आत ढकलू नको बे भैताड! घर आतच ऱ्हायलं ना मंग. भाडेकरू ठेवून राहिला का?'' दोरा हळूहळू सरकला. आधी राखी माती भुरभुरली, मग एक कडक गोळी कागदावर पडून फुटली, आणि तिच्यातून कोळी सांडले. मोहरीपासून मुगाएवढे, हिरवट, करडे, एक चक्क लिंबाच्या पिकल्या पानासारखा पिवळा. बूचभाऊंनी ते काडीनं ओळीत मांडले. अकरा. दोघांचे पाय अजून हलत होते.

''मेले नाही ते,'' बूचभाऊ म्हणाले. ''मारत नाही ते बाई. इंजिशन देते. माल ताजा ऱ्हायला पाहिजे ना पोरासाठी. आपल्या घरी फ्रिज नव्हता, सर, तवापासून तिच्याकडे कोल्ड स्टोरेज हाये.''

आवाजात राग शोधला तर सापडला नसता. ज्या मोठ्या पिवळ्या-काळ्या कुंभारणीचा मातीचा लिंपलेला गोळा आपण खिडकीच्या वर बघतो, तिचं शास्त्रीय नाव मद्रास शहरावरून पडलंय. तिला हे भोक पुरत नाही. तयार भोकात शिरून मातीचे पडदे घालणाऱ्या तिच्या बारीक, काळ्या बहिणी वेगळ्या. पद्धत मात्र एकच. ओल्या काठावरून जबड्यात मातीची गोळी आणायची, कोळी भूल देऊन कोंबायचे, त्यांच्यावर एक अंडं घालायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. अंड्यातून निघालेली अळी मग सावकाश जेवत बसते. सगळं काम एकटीचं, मजुरी नाही, सुटी नाही. बूचभाऊंना याच गोष्टीनं आतून पोखरलंय असा माझा अंदाज आहे. त्यांचा स्वतःचा पोट्टा अकरा वाजता येतो.

वहिनी कीर्तनाच्या घरातल्या. त्यांचं निदान वेगळं आहे. जुन्या लोकांचा कीटक-भृंग न्याय सगळ्यांना ठाऊक असतो: भृंगी, म्हणजे कुंभारणीसारखीच माशी, अळीला आपल्या घरात कोंडते, अळी भीतीनं तिचंच ध्यान करत राहते आणि शेवटी तीच भृंगी होते. प्रत्यक्षात अळीचं जेवण होतं आणि जेवणारी बाहेर येते, पण बाहेरून बघणाऱ्याला दृष्टान्ताला पुरेल एवढं दिसतं. ''आमचे हे बारा महिने तिचंच ध्यान करून राहिले,'' वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या. ''आता माती आणायची तेवढी बाकी हाये.'' ओट्याखालच्या मोरीच्या भोकात तेव्हा बूच होतं आणि घोट्याएवढं पाणी साचलं होतं.

बूचभाऊंचं वाचन मोबाइलवर चालतं आणि एकाच विषयाचं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विमानतळावर 2013 च्या नोव्हेंबरात एक एअरबस विमान दोनेक तास उभं होतं. तेवढ्या वेळात वेग मोजायच्या नळीत कुंभारणीनं घर केलं आणि विमानाला उडून लगेच परत यावं लागलं, हे त्यांना तोंडपाठ आहे. उत्तर अमेरिकेत 2011 मध्ये माझ्दानं पासष्ट हजारांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, कारण पेट्रोलच्या टाकीची हवा जाण्याच्या नळीत कोळी जाळं करत होते. ही गोष्ट सांगताना त्यांना शत्रूच्या शत्रूबद्दल जरा वाईट वाटतं. 1996 साली डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये समुद्रात कोसळलेल्या विमानाबद्दल मात्र ते आवाज उतरवून बोलतात. तिथे 189 माणसं गेली, आणि नळीत असंच घर असावं असा तपासणाऱ्यांचा कयास होता. त्या दिवशी ते खर्राही खात नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी रुळावर. 1953 साली नागपूर करार झाला, तरी विदर्भाच्या फायली मुंबईत अडतात कुठे? ''फाइल जाते कुठून सर? भोकातूनच ना. तिथे माती भरली कोणीतरी.''

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आमच्या अंबाझरी लेआउटमध्ये कोणी विसरणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, वरून अंबाझरी तलाव ओसंडलेला. नाग नदी गल्लीबोळांतून फिरायला निघाली होती. माणसं गेली, गाड्या एकमेकींवर चढल्या, तळमजल्यांवरचे फ्रिज तरंगले. बूचभाऊ आदल्या संध्याकाळी आमच्या टाकीचा ओव्हरफ्लो पाहायला आले होते आणि पावसात अडकले. सकाळी आम्ही सगळे गच्चीवर, आणि गल्लीतून रबराची बोट आली. मागे मोटर, पण वर उचललेली; पाण्यात एवढा कचरा की जवान वल्ह्यांनीच येत होते. आमच्या शेजारच्या आजी हात जोडून रडत होत्या. बूचभाऊ कठड्यावरून अर्धे खाली वाकले आणि ओरडले, ''मोटर काहून उचलली जी? धार येत नाही का?''

जवानानं वर पाहिलं. त्याच्या तोंडावर जे आलं ते तो वर्दीमुळे बोलला नाही.

पुढे आठवडाभर बूचभाऊ नाल्याकाठी फिरत होते. प्रत्येक चोक झालेल्या गटारातून निघालेला गाळ त्यांनी बोटांनी चोळून पाहिला. सोफ्याची गादी निघाली, पिशव्या निघाल्या, विटा-सिमेंट निघालं, कुंभारीण कुठेच निघाली नाही. तिच्याशिवायही भोकं एवढी पक्की बुजवता येतात, हे त्यांना बरेच दिवस पटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते मला रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर घेऊन गेले. एका ओळखीच्या कोळ्याची बोट होती. तिची मोटर बूचभाऊंनी दिवाळीआधी पूर्ण 'पॅक' करून दिली होती. म्हणजे बोट उभी असताना जिथे जिथे भोक, तिथे तिथे बूच. निघण्यापूर्वी त्यांनी एकेक बूच काढून मोजून खिशात टाकलं. दोर ओढला, मोटर फुरफुरली, धार आली. बूचभाऊ फळीवर टेकले. मागे रामटेकचा गड, पुढे पाणी, पाण्यावर थोडं धुकं. मी बगळे बघू लागलो.

दहा मिनिटांनी, बरोबर तलावाच्या मध्यावर, मोटर दोनदा खोकली आणि बंद पडली.

बूचभाऊंच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंदच म्हणेन. ''पाहा! आली का नाही?'' झाकण निघालं, नळी सुटली, नायलॉनचा दोरा आतून बाहेर गेला, बाहेरून कोरा निघाला. खालची जाळी तपासली. प्लग पुसला. कोळ्याचा पोरगा दहा-बारा वर्षांचा असेल. तो टाकीपासून मोटरीकडे जाणाऱ्या नळीतल्या रबरी फुग्याकडे बोट दाखवत होता. फुगा पापडासारखा चपटा झाला होता. ''काका, हा पाहा ना.'' काकांना वेळ नव्हता. काका माती शोधत होते. याच गडावरून कालिदासाच्या यक्षानं निरोप पाठवला असं म्हणतात; त्याला निदान मेघ मिळाला होता, आमच्या मोबाइलला रेंजही नव्हती.

अर्ध्या तासानं पोरगा उठला आणि त्यानं पेट्रोलच्या टाकीचं झाकण अर्धा आटा सैल केलं.

फुस्स्.

केवढा तरी मोठा श्वास टाकीनं घेतला. चेपलेली टाकी डब्यावर टिचकी मारल्यासारखी टण्णकन सरळ झाली, फुगा गरगरीत झाला. पेट्रोल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यावी लागते, आणि झाकणावरचं हवेचं ते भोक ठासून बुजलेलं होतं. पोरानं नखानं उकरलं. आधी जरा निघेना, मग हळूहळू घडी उलगडत बाहेर आली: चार वेळा दुमडलेली, सुपारीच्या वासाची, खर्ऱ्याची पन्नी.

बोटीत कोणी काही बोललं नाही. बूचभाऊंनी पन्नी हातात घेतली, उन्हाला धरली, वास घेतला. बराच वेळ ते तिच्याकडे बघत राहिले.

''पाहून ठेवा सर,'' ते हलक्या आवाजात म्हणाले, ''माती सोडली तिनं. पन्नीनं बांधून राहिली आता.''

मग त्यांनी खिशातून नवा खर्रा काढला, चोळला, गालात भरला, आणि रिकामी पन्नी नीट चार वेळा दुमडली.