कानामागचा रंग

आमची फियाट सध्या पांढरी आहे, आणि पांढरा हा काही तिचा मूळचा रंग नव्हे, एवढ्या एकाच मुद्द्यावर माझं नांदेडचं घर आणि लातूरचं आजोळ यांचं एकमत आहे. पुढचं सगळं वादात आहे, तेही 1973 सालापासून.

गाडी 1972 ची, फियाट 1100 डिलाइट. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगला. लातूरच्या आजोबांची गंजगोलाईजवळ अडत होती. त्यांनी नंबर लावून कैक वर्षं वाट पाहिली आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली गाडी एकदाची दारात आली. कोणता रंग हवा, असं त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. नळाला पाणी आलं की लातूरचा माणूस हंडा लावतो, पाण्याचा रंग बघत बसत नाही. पुढच्याच वर्षी माझ्या आईला घेऊन ही गाडी अहमदपूर, लोहा करत नांदेडला आली. नांदेडकरांनी नवरी आणि गाडी दोन्ही एकदमच पाहिल्या. नवरीबद्दल पुढं कधी मतभेद झाले नाहीत. गाडी मात्र लातूरकरांच्या मते आकाशी होती आणि नांदेडकरांच्या मते पिस्ता.

हा वाद इतकी वर्षं लग्नाकार्यात तोंडी लावण्यापुरता होता. त्याला धार आणली सरकारनं. 2021 साली केंद्रानं नियम केला, की पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळेल, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळेल. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट. रंगाबद्दल नियमात अवाक्षर नाही. म्हणजे सरकारचं काही म्हणणं नव्हतं. आत्याचं होतं.

“पाटी मूळची आन् रंग भाड्याचा? लोक काय म्हणतील?”

झालं. आधी कागद काढले. आरसी बुकात रंगाचा एक रकाना असतो. आमच्या बुकात इंजिन नंबर शाबूत, चासी नंबर शाबूत, आजोबांचं नाव शाबूत. वाळवीनं नेमका रंगाचा रकाना खाल्ला होता. वाळवी नक्की कोणाच्या बाजूची, यावर दोन दिवस गेले. मग फोटो. लग्नातले सगळे कृष्णधवल, त्यात गाडी अर्थातच राखाडी. नंतरचा एक रंगीत सापडला, पण जुन्या रंगीत फोटोंमधली निळी छटा बऱ्याचदा आधी उडते आणि उरतो तो तांबूसपणा. त्या फोटोत गाडी, आजोबा, मागचं लिंबाचं झाड, सगळंच पानाच्या पिचकारीसारखं दिसत होतं.

“निळी होती म्हणूनच उडाली,” मामा म्हणाले.

आत्याकडे याहून भक्कम पुरावा होता. गाडीच्या रंगाचा ब्लाउजपीस तिनं त्या वर्षी वजिराबादेत चार दुकानं पालथी घालून मिळवला होता. ब्लाउजपीस कुठं आहे? त्याची पिशवी झाली. पिशवी कुठं आहे? तिचं पायपुसणं झालं. त्यापुढचा शोध मी घेतला नाही.

(फोर्डवाल्यांना हा ताप नव्हता. 1914 ते 1925 मॉडेल टी फक्त काळी यायची. त्यांच्या आत्या किती सुखात असतील!)

शेवटी देगलूर नाक्याकडच्या एका उस्तादांकडे गेलो. डेंटिंग-पेंटिंगमध्ये त्यांची चाळीस वर्षं गेली आहेत. खरं तर तपासणी लातुरात व्हावी असा मामांचा आग्रह होता. पण जुने थर उघडे करायचे तर पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तासभर घासावं लागतं. ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं गाडीचा भूतकाळ शोधायला बादलीभर पाणी मागणार कोण? मामींनीच नको म्हटलं.

उस्तादांनी बोनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ डिकी उघडून मॅट उचलली.

“ऊपर का नक्को देखो साब. पेंटर जां आलस करता, वां असली रंग मिलता.”

मग त्यांनी अंगठ्याएवढी जागा घासायला घेतली. आधी जाड पेपर, मग बारीक, मग अगदी मऊ. हळूहळू एकात एक कडी उमटू लागली. सगळ्यात बाहेर पांढरी: काकांनी जिल्हा परिषदेला उभं राहताना गाडी पुढाऱ्यासारखी दिसावी म्हणून दिलेला रंग. काका पडले, रंग टिकला. तिच्या आत मरून: धाकट्या मामांच्या कॉलेजातल्या दिवसांचा, त्याबद्दल घरात कोणी जास्त बोलत नाही. त्याच्या आत लांबीचा जाडजूड थर. कधीतरी एका बैलगाडीनं मागून धडक दिली होती म्हणे. मागून, आणि बैलगाडीनं! यावरून आजोबा कोणत्या वेगानं गाडी चालवत असतील ते समजावं. त्याखाली तांबडं दिसताच माझा मुलगा ओरडला, “चॉकलेटी!” तो रेडऑक्साइड निघाला. प्रायमरला मूळ रंग समजणारी लेकरं उस्तादांनी बरीच पाहिली असावीत, ते नुसतं हसले. आणि या सगळ्याच्या तळाशी, नखाएवढा, पिवळट हिरवा तुकडा.

नांदेडात पेढे वाटायचे तेवढे राहिले. मी मामांना फोन केला.

“डिकीत काय बघायलाव? कानामागं बघा की!”

मामांचं अर्धं आयुष्य जनावरांच्या बाजारात गेलं. आमच्या भागात रंग ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. नांदेडचा कंधार तालुका लाल कंधारीचा, लातूरचा देवणी तालुका देवणीचा. लाल कंधारी अंगभर लालच हवी. देवणीत तर रंगावरून तीन घराणी: अंग पांढरं आणि तोंड काळसर तो वानेरा, जवळजवळ सगळा पांढरा तो बाळंक्या, पांढऱ्यावर काळे ठिपके-पट्टे विखुरलेले तो शेवरा. माळेगावच्या यात्रेत मामा जनावराची पाठ बघत नाहीत, कान उलटा करून मागं बघतात. रंग फासणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं.

फियाटचा कान म्हणजे डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण, असं उस्तादांनी ठरवलं. त्याची आतली बाजू कोणत्याच पेंटरनं रंगवली नव्हती. झाकण उघडलं. स्वच्छ, नितळ पिस्ता! आत्यानं नुसतं “हं” केलं. त्या “हं”मध्ये पन्नास वर्षं होती.

आणि मग उस्तादांनी सगळा घोटाळा केला. एनॅमलचा रंग अंधारात कोंडून राहिला तर आतल्या आत पिवळा पडतो, ते म्हणाले. निळ्यावर पिवळं चढलं की काय दिसणार? पिस्ताच! आणि बाहेरचा रंग उन्हानं विटतो. म्हणजे उजेडातला भाग खरं सांगत नाही आणि अंधारातलाही नाही. उपाय एकच: झाकण आठ दिवस कडक उन्हात ठेवायचं. पिवळेपणा चढलेला असेल तर बराचसा उतरतो.

पण कोणाच्या उन्हात? मामांचा नांदेडच्या उन्हावर विश्वास नव्हता आणि आत्याचा लातूरच्या माणसांवर. मधलं ठिकाण म्हणून अहमदपूरच्या मावशीची गच्ची निघाली. आत्यानं हरकत घेतली, अहमदपूर लातूर जिल्ह्यात येतं. त्यावर बाबा जन्मात पहिल्यांदा या वादात बोलले: “लातूर जिल्हा झाला 1982 ला. लग्नाच्या वेळी लातूर तरी कुठं लातूर जिल्ह्यात होतं? समदं उस्मानाबादच.” आत्याला हे पटलं.

झाकण अहमदपूरला गेलं. नवव्या दिवशी दोन्हीकडची मंडळी गच्चीवर. चैत्राचं ऊन, चारी बाजूंना वाळवणं. मावशीनं झाकण आणून पुढं ठेवलं आणि सगळे गप्प झाले. झाकण आकाशी झालं होतं, चांगलं लख्ख. पण त्यावर चार गोल वेटोळी होती, पिस्ता रंगाची, एकसारखी, सुबक.

“जागा पुरंना,” मावशी म्हणाली, “म्हनून चार कुरडया त्याच्यावर घातल्या.”

कुरडईखाली ऊन पोचलं नव्हतं. मामांनी बोट आकाशीवर ठेवलं, आत्यानं वेटोळ्यावर. दोघंही ते उचलेनात.

संध्याकाळी झाकण घेऊन मी उस्तादांकडे गेलो. त्यांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

“हौ, पूरी गाडी ऐसी बना देता,” ते म्हणाले. “मगर नक्षी का पैसा अलग.”