ऑपरेटर दादा

जिल्हा रुग्णालयाला जिल्ह्यात कुणी जिल्हा रुग्णालय म्हणत नाही. ते ‘सिव्हिल’. तिथे शल्यचिकित्सक बदलून जातात, इमारतीला नवा रंग लागतो, केसपेपरची खिडकी इकडून तिकडे सरकते. हलत नाही तो खिडकीमागचा डेटा एन्ट्री ऑपरेटर. वय पस्तिशीच्या अलीकडे-पलीकडे. शिक्षण बी.कॉम., एमएस-सीआयटी, शिवाय टायपिंगची दोन सर्टिफिकिटं : मराठी तीस, इंग्रजी चाळीस. नेमणूक कंत्राटी.

त्याचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी घेत नाही. हाक प्रसंग पाहून ठरते. काही अडलेलं नसेल तर ‘ए कॉम्प्युटर’. पासवर्ड विसरला असेल तर ‘दादा’. महिनाअखेरीचा अहवाल राहिला असेल तर ‘अहो दादा, जेवलात का?’ आणि ओटीपी येत नसला की मोठे डॉक्टरसुद्धा ‘सर’ म्हणतात. कुणाचं काय बिघडलंय, हे त्याला मान वर न करता हाकेवरूनच कळतं.

नेमणुकीच्या कागदावर त्याचं काम एका ओळीचं आहे : माहिती भरणे. पण आरोग्य खात्यात पोर्टलं एकामागून एक आली आणि जुनं एकही गेलं नाही. गरोदर मातेची नोंद आरसीएचवर, क्षयरुग्णाची निक्षयवर, लसीची यू-विनवर. दूरच्या डॉक्टरला दाखवायचं तर ई-संजीवनी, महिन्याचा हिशेब एचएमआयएसवर. साथीच्या आजारांना आयएचआयपी, आणि त्यात पुन्हा नर्सताईंचा एस फॉर्म, डॉक्टरांचा पी, प्रयोगशाळेचा एल. प्रत्येकाचा युजर आयडी निराळा, पासवर्ड निराळा. एवढं करून तीच माहिती रजिस्टरमध्येही लिहायची असते आणि पोर्टलवरच्या पानाची प्रिंट काढून फाइलला लावायची असते. कारण कारभार पेपरलेस झाल्याचा पुरावा साहेबांना कागदावर हवा असतो.

पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या इन्चार्ज सिस्टर रात्री लाइट गेलेली असताना मोबाइलच्या उजेडात नस शोधून सलाईन लावतात. पण पासवर्डात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं आणि तो मागच्यासारखा नको, या अटींपुढे त्याही हात टेकतात. मग तोडगा निघतो : मुलाचं नाव, ॲट, एक-दोन-तीन. ऑपरेटरला सगळ्या सिस्टरांच्या मुलांची नावं पाठ असतात ती काही आपुलकीने नव्हे. आता अडचण अशी, की कुटुंब नियोजनाच्या खात्यात राहून मुलं दोनच, आणि पासवर्ड मात्र सारखा बदलायचा. त्यामुळे बालरोग विभागाचं हल्ली भाच्यांवर भागतं. हे सगळे पासवर्ड गुप्त असतात, म्हणजे कालनिर्णयच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलेले असतात.

त्याहून अवघड प्रकरण ओटीपीचं. खातं उघडताना ज्या मॅडमचा मोबाइल नंबर दिला, त्या मॅडम बदलून धडगावला गेलेल्या असतात. खातं इथे, नंबर सातपुड्यात. ऑपरेटर फोन लावतो, ‘मॅडम, एक मेसेज आला असेल बघा.’ मॅडमना जुन्या ऑफिसचा आवाज ऐकून भरून येतं. त्या आधी तिकडचा पाऊस सांगतात, मग क्वार्टरची गळती, मग इकडे कोण कोण रिटायर झालं ते विचारून घेतात आणि शेवटी आकडे सांगतात. तोवर ओटीपीची मुदत संपलेली असते. ऑपरेटर चिडत नाही. तो दुसरा ओटीपी मागवतो आणि मॅडमच्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी सुरू करतो.

खेड्यातून आलेल्या आशाताईंशी तो सर्वांत हळू बोलतो. त्यांचा महिन्याचा मोबदला नोंदींवर ठरतो, आणि नोंद करायला त्यांना रेंजसाठी टेकडी चढावी लागते, हे त्याला ठाऊक आहे. आभा नंबर चौदा आकडी. तो सांगताना ताई मधेच एखादा आकडा गिळतात. मग दोघं पहिल्यापासून मोजतात. महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राचीही हीच रड. आधारवर ‘सखूबाई’, रेशनकार्डावर ‘सखुबाई’ आणि केसपेपरवर घाईत ‘सकू’. एका पेशंटच्या तिघी झाल्या की त्यांची पुन्हा एक बाई करण्याचं काम ऑपरेटरकडे येतं.

हे झालं सकाळचं. चार वाजले की त्याच खिडकीवर दुसरा बाजार भरतो, पासांचा.

मार्च २०१७मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले. डॉक्टरांना संरक्षण देणारा कायदा २०१०पासून होता, पण कायदा वॉर्डाच्या दारात उभा राहत नाही. त्यानंतर मोठ्या सरकारी रुग्णालयांत रक्षक आणि पास यांच्यावर भर आला : पेशंटमागे नातेवाईक दोन. नियम मुंबईत निघाला असेल. तो निभवायचा आहे क्रूझरमधून उतरलेल्या अकरा जणांसमोर. आणि या अकरांचंही खोटं नसतं. गावाकडे भेटायला जाणं हे देणं असतं. ‘आमचा म्हातारा सिव्हिलला होता, तेव्हा तू फिरकला नाहीस,’ हे वाक्य पुढे दोन लग्नं आणि एका बांधाच्या भांडणात ऐकावं लागतं. म्हणून पेशंट डोळे उघडो न उघडो, आपण येऊन गेल्याचं कुणीतरी पाहायला हवं.

तेव्हा दारातल्या वॉचमनमामांसमोर प्रत्येक जण पेशंटचा सख्खा मामा होतो. मामा कंटाळून बोट दाखवतात, ‘पास आणा.’ ऑपरेटर दोन पास देतो. पाच मिनिटांत ते पास पिशवीत घालून, वजनाला बिस्किटाचा पुडा ठेवून, पहिल्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकले जातात. पुढची जोडी वर जाते. ऑपरेटरने पासाचा रंग रोज बदलून पाहिला, तर समोरच्या झेरॉक्सवाल्याने कलर प्रिंटर घेतला. तारखेचा शिक्का सुरू केला, तेव्हा सरपंचांचा फोन आला. सरपंचांच्या फोनवर शिक्का चालत नाही.

आत गेलेली मंडळी काय करतात? शहाळं स्टुलावर ठेवतात, पलंगावर बसतात आणि याच आजाराने कोण कोण गेलं ते मोजतात. मग उपाय सांगतात. डेंगीला पपईच्या पानांचा रस, काविळीला शेजारच्या तालुक्यातला वैदू, ऑपरेशन असेल तर पुण्याचा डॉक्टर. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये आजाऱ्याला पोकळ धीर आणि फुकटचे सल्ले देणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. लंडनचे पाहुणेही पास हातात घेऊन हेच करत असणार.

वॉर्ड रिकामा करायची वेळ झाली की माइकवर आवाज ऑपरेटरचाच. त्याचा आवाज चांगला आहे. गणपतीत तो निवेदन करतो.

कंत्राट संपत आलं की मात्र तो गप्प होतो. मधल्या एका दिवसाच्या खंडात तो कागदोपत्री कुणीच नसतो. त्या दिवशीही सिस्टरांचे अकरा फोन येतात. २०२३च्या दिवाळीआधी आणि पुन्हा ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी कायम करण्यासाठी संप केला, तेव्हा तोही मांडवात बसला होता. इंजेक्शनं कशीबशी दिली गेली, बाळंतपणं झाली. पण रकाने कोरे राहिले. रुग्णांचे हाल वर कळायला वेळ लागतो, कोरा रकाना त्याच संध्याकाळी दिसतो. मांडवातल्या ऑपरेटरला त्या आठवड्यात जेवढ्या वेळा ‘सर’ ऐकू आलं, तेवढं आधी वर्षभरात आलं नव्हतं.

पावसाळ्यात एखाद्या वर्षी त्यालाही डेंगी होतो. तो आपल्याच सिव्हिलच्या पुरुष वॉर्डात झोपतो. खिडकी बंद, पास बंद. भेटीची वेळ टळून गेल्यावर त्याच्या पलंगाभोवती चार सिस्टर, एक औषधनिर्माता, एक आरोग्यमित्र आणि मागे चपला हातात घेतलेल्या दोन आशाताई. ड्यूटीवरचा नवा रक्षक नियमावर बोट ठेवतो, ‘पेशंटला भेटायला दोघांनाच परवानगी आहे.’

‘भेटायला कोण आलंय?’ इन्चार्ज सिस्टर मागे न बघता म्हणतात. ‘कॅप्चा चुकतोय.’ त्या मोबाइल ऑपरेटरच्या नाकासमोर धरतात. तो डोळे किलकिले करून सांगतो, ‘शून्य नाही, ओ आहे.’ आणि सवयीने हात पुढे करतो.

‘तो हात हलवू नका, सलाईन आहे,’ सिस्टर दटावतात. ‘डाव्या हाताने टाइप करा.’